बँक बुडायच्या आधी देखरेख करणाऱ्यांना कळलं नव्हतं का? संसदेतली चौकशी कशी वाचायची

भाऊ, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, आधी ते सोडवून घेतो. तुम्ही लिहिलंय की परभणीला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायलात, ब्रिटन आणि आयर्लंडच्या संसदीय समित्या बँकांवर देखरेख करणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतानाचे व्हिडिओ बघितले, आणि जो तो फिरून फिरून एकच सांगतो की एवढं होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. तर हे खरं असतं का? खोटं असेल तर समिती त्यांना पकडते कशी? आणि शेवटी कोणी जेलात जात नसेल तर हा सगळा खटाटोप कामून? मग अगदी शेवटी, एका ओळीत, तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या रिटायरमेंटची रक्कम तालुक्याच्या पतसंस्थेत अडकली आहे. मला तुमचा खरा प्रश्न त्या ओळीत दिसला, म्हणून जरा लांब लिहितोय.

मी संसदेतला माणूस नाही. आधी बँकेत इन्स्पेक्शन खात्यात होतो आणि नंतर लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली या पट्ट्यात नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांचं ऑडिट करत आलोय. दुसऱ्याच्या वह्या तपासणारा माणूस काय बघतो, काय लिहितो आणि त्या लिहिलेल्याचं पुढं काय होतं, एवढं मला जवळून माहिती आहे. त्यामुळे असले चौकशी अहवाल हातात आले की मी आधी तारखा काढतो, मग कोणत्या कागदावर कोणाची सही आहे ते बघतो, आणि मतं सगळ्यात शेवटी वाचतो.

"कळलं नव्हतं का" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. काही वेळा खरंच कोणी बघितलेलंच नसतं. काही वेळा बघितलेलं असतं पण समजलेलं नसतं, कारण धंदा नवीन असतो आणि तपासणारा जुन्या चेकलिस्टवर टिक करत असतो. पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सापडतो तो तिसरा प्रकार, म्हणजे बघितलं, समजलं, लिहिलं, आणि मग ते लिहिलेलं फाईलीत पडून राहिलं.

एक खातं सांगतो. मोंढ्यातल्या एका अडत्याचं कॅश क्रेडिट, तारण म्हणजे गोडाऊनमधलं सोयाबीन आणि तूर. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट यायला पाहिजे. फाईल उघडली तर स्टेटमेंट सगळी लावलेली, सही शिक्का सगळं जागच्या जागी, पण आकडा तोच. दसऱ्याला जेवढं सोयाबीन तेवढंच अक्षय तृतीयेला, क्विंटलला क्विंटल. आता मराठवाड्यातल्या कोणत्या मोंढ्यात असं होतं? मग खात्याचा उतारा बघितला तर ३० मार्चला मोठी रक्कम जमा आणि २ एप्रिलला तेवढीच उचल, म्हणजे सरळ सरळ नवं-जुनं. जमा झालेले पैसे आले कुठून हे शोधत गेलं तर त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून, मेव्हण्याच्या नावावर काढलेल्या कर्जातून. आता ही फाईल आधीच्या ऑडिटरच्याही हाताखालून गेलेली होती, आणि त्याने शेरा लिहिलेलाही होता, चांगला स्पष्ट. त्यावर संस्थेचा दोष दुरुस्ती अहवाल होता आणि त्या शेऱ्यासमोर एकच ओळ, "यापुढे दक्षता घेण्यात येईल." पुढच्या वर्षी तोच शेरा, तीच ओळ, त्याच्या पुढच्या वर्षी पण तेच. आणि ऑडिट वर्ग 'अ'. वार्षिक सभेत फेटे बांधून, हारतुरे घेऊन तो 'अ' वर्ग वाचून दाखवला जायचा आणि समोर बसलेले रिटायर्ड मास्तर टाळ्या वाजवायचे.

आता या संस्थेच्या चेअरमनला किंवा वरच्या अधिकाऱ्याला उद्या कोणी विचारलं की तुम्हाला धोका दिसला नाही का, तर तो शपथेवर सांगेल की नाही दिसला, आणि त्याच्यापुरतं ते कदाचित खरंही असेल. कारण खालच्या माणसाने लिहिलेलं असतं "साठा प्रत्यक्ष दिसला नाही", ते वरच्या नोटमध्ये "साठा पडताळणीत सुधारणेस वाव आहे" होतं, आणि बोर्डापुढे जाईपर्यंत "एकंदर स्थिती समाधानकारक" होऊन जातं. म्हणून वरच्या खुर्चीला "माहिती होतं का" असं विचारून काही हाती लागत नाही. कागद कुठे पोचला आणि कुठे थांबला, हे विचारावं लागतं. संसदेच्या समित्यांचं सगळं यश-अपयश मला तरी एवढ्या एका गोष्टीवर तोलता येतं.

आता ब्रिटनचं घ्या. नॉर्दर्न रॉक नावाची घरकर्ज देणारी बँक. २००६ संपताना तिच्या एकूण देण्यांमध्ये किरकोळ ठेवीदारांचा पैसा फक्त २२ टक्क्यांच्या आसपास होता, बाकी सगळा घाऊक बाजारातून, म्हणजे दुसऱ्या बँका आणि बड्या गुंतवणूकदारांकडून, उचललेला आणि कर्जं बांधून विकून आणलेला. घरची विहीर नसताना विकतच्या टँकरवर मोसंबीची बाग लावावी तसा धंदा, टँकर येतोय तोवर बाग हिरवीगार. ९ ऑगस्ट २००७ ला घाऊक बाजार आटला. १३ सप्टेंबरला संध्याकाळी बातमी फुटली की बँक ऑफ इंग्लंडकडे मदत मागितली आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाखांसमोर रांगा. ठेवींना विमा होता, पण पहिले २,००० पौंड पूर्ण आणि पुढच्या ३३,००० पौंडांचे ९० टक्के एवढाच, मग रांगेत उभं राहणाऱ्याला दोष कसा द्यायचा. १७ सप्टेंबरला अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी सगळ्या ठेवींची हमी जाहीर केली तेव्हा रांगा ओसरल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये बँक सरकारने ताब्यात घेतली.

यावर हाऊस ऑफ कॉमन्सच्या ट्रेझरी कमिटीने चौकशी केली, अध्यक्ष जॉन मॅकफॉल. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मर्विन किंग, देखरेख करणाऱ्या एफएसएचे अध्यक्ष कॅलम मॅकार्थी आणि मुख्य कार्यकारी हेक्टर सँट्स, बँकेचे चेअरमन आणि सीईओ, सगळ्यांना समोर बसवलं. तुम्ही बघितलेले व्हिडिओ बहुतेक यातलेच असतील. आता त्यातली टोलेबाजी बाजूला ठेवा आणि चार तारखा एकाखाली एक लिहून काढा. २९ जून २००७, एफएसएने या बँकेला स्वतःच्या गणिताने जोखीम मोजायची परवानगी दिली, म्हणजे पहिल्यापेक्षा कमी भांडवल बाजूला ठेवलं तरी चालेल. २५ जुलै, त्या मोकळ्या झालेल्या भांडवलाच्या जोरावर बँकेने अंतरिम लाभांश ३० टक्क्यांनी वाढवल्याचं जाहीर केलं. ९ ऑगस्ट, घाऊक बाजार आटला. १४ सप्टेंबर, रांगा. परवानगीपासून रांगेपर्यंत पुरते तीन महिने पण नाहीत!

या तारखा समोर ठेवल्या की "कोणालाच वाटलं नव्हतं" या उत्तराला काही अर्थच राहत नाही. बाजारातला पैसा आटला तर काय होईल याची काळजी एफएसएलाच वाटत होती, मग त्याच दिवसांत बँकेची ताकद कमी होईल असा लाभांश जाऊ कसा दिला, हा समितीचा प्रश्न होता. जानेवारी २००८ च्या अहवालात समितीने स्पष्ट लिहिलं की एफएसए आपल्या कर्तव्यात पद्धतशीर अपयशी ठरली. दोन महिन्यांनी एफएसएचाच अंतर्गत ऑडिट अहवाल बाहेर आला. त्यात दिसलं की या बँकेच्या दोन पूर्ण तपासण्यांमधलं अंतर जास्तीत जास्त जेवढं ठेवता येतं तेवढं, म्हणजे ३६ महिने ठेवलेलं होतं, आणि तपासणीनंतर बँकेने काय काय दुरुस्त करायचं याचा कार्यक्रमच आखून दिलेला नव्हता. मी हे वाचलं तेव्हा मोंढ्यातली ती फाईल आठवली. तिथं निदान "यापुढे दक्षता घेण्यात येईल" एवढी तरी ओळ होती.

दुसरा प्रसंग त्याच समितीचा, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. एचबीओएस नावाच्या मोठ्या बँकेत पॉल मूर म्हणून जोखीम विभागाचे प्रमुख होते, बँक फार वेगाने कर्जं वाटतेय असं बोलले आणि २००४ मध्ये नोकरी गेली. १० फेब्रुवारी २००९ ला बुडालेल्या बँकांचे माजी प्रमुख समितीसमोर बसले होते, आणि त्याच वेळी मूर यांचं लेखी निवेदन समितीकडे आलं. ज्या सीईओच्या काळात त्यांना काढलं ते जेम्स क्रॉस्बी तोपर्यंत एफएसएचे उपाध्यक्ष झाले होते, म्हणजे देखरेख करणाऱ्या संस्थेतच. क्रॉस्बी यांनी आरोप फेटाळले, पण दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. माजी प्रमुखांनी त्या दिवशी माफी मागितली त्याची क्लिप सगळीकडे फिरली, पण खरं काम केलं ते त्या एका कागदाने.

आयर्लंडचं दुखणं याहून मोठं, कारण तिथं एक बँक नाही तर अख्खा देशच त्यात ओढला गेला. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री सरकारने बँकांच्या सुमारे ४४० अब्ज युरोच्या देण्यांची हमी घेतली, बँका वाचवायला पुढे सुमारे ६४ अब्ज युरो ओतले, आणि २०१० च्या नोव्हेंबरात युरोपियन युनियन आणि आयएमएफच्या ८५ अब्ज युरोच्या कार्यक्रमाखाली जावं लागलं. शिक्षकांचे पगार, पेन्शन, दवाखाने, सगळ्याला कात्री लागली. अँग्लो आयरिश बँकेचं कर्जवाटप वर्षानुवर्षं सरासरी ३६ टक्क्यांच्या आसपास वाढत होतं, आणि ते बहुतेक जमीन-बांधकामात. भाऊ, मला बँकेबद्दल दुसरं काहीच सांगू नका, फक्त कर्ज दरवर्षी एक तृतीयांशाहून जास्त वाढतंय एवढं सांगा, मी त्या रात्री झोपणार नाही. कारण एवढी चांगली कर्जदार मंडळी दरवर्षी नव्याने जन्माला येत नसतात, आणि जुनं थकलेलं कर्ज नव्या कर्जाने झाकायला अशी वाढ फार सोयीची असते.

तिथे नियम नव्हते असंही नाही. एका क्षेत्राला बँकेच्या स्वनिधीच्या (स्वतःचं भांडवल आणि राखीव निधी) २०० टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज देऊ नये अशी मर्यादा होती. बँका ती ओलांडत होत्या, ओलांडल्याचे आकडे देखरेख करणाऱ्यांकडे येत होते, आणि दंड कोणाला झाला नाही. धोरणच असं होतं की तत्त्वं सांगायची आणि संचालक मंडळावर विश्वास ठेवायचा. त्यातच सगळ्यांनी, सरकार, सेंट्रल बँक, बँकवाले, एक समजूत धरून ठेवली होती की घरांच्या किमती उतरल्याच तर हळूहळू, अलगद उतरतील. म्हणून मी म्हणतो की आयर्लंडमध्ये "दिसलं नाही" म्हणणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच, मर्यादा ओलांडल्याचा पहिला आकडा तुमच्याकडे आला त्यानंतर बँकेला पत्र कधी गेलं आणि त्या पत्रात काय होतं.

त्यांच्या संसदेची चौकशी उशिरा झाली. अध्यक्ष किअरन लिंच, जाहीर साक्षी डिसेंबर २०१४ पासून, अंतिम अहवाल जानेवारी २०१६. म्हणजे हमीच्या त्या रात्रीनंतर सात वर्षांनी. तोवर तज्ज्ञांचे तीन वेगळे अहवाल येऊन गेले होते, लोकांचा राग पण थकला होता. आणि समितीचे हात बांधलेले होते. २०११ मध्ये संसदेला पूर्ण चौकशीचे अधिकार द्यायचे का यावर जनमत घेतलं तर जनतेनेच नाही म्हटलं, त्यामुळे एखाद्या व्यक्तीवर वादग्रस्त पुराव्याच्या आधारे दोष ठेवता येत नव्हता. ज्यांच्यावर फौजदारी खटले चालू होते त्यांना त्या विषयावर विचारता येत नव्हतं, अँग्लोचे मुख्य लोक तर त्यातच आले. सेंट्रल बँकेच्या गोपनीयतेच्या कलमामुळे कितीतरी कागद काळ्या पट्ट्या मारून आले. अहवालावर दोन सदस्यांनी सहीच केली नाही. तरी मी ती चौकशी वाया गेली म्हणणार नाही, कारण शंभरावर साक्षीदारांचं म्हणणं शब्दन् शब्द नोंदलं गेलं, आणि कोण काय म्हणालं ते आज कोणालाही वाचता येतं.

यावरून तुमच्या लक्षात आलं असेल की समितीला काही सापडेल की नाही हे परिस्थितीवर फार अवलंबून असतं. चौकशी लवकर झाली तर कागद ताजे असतात, पण कोर्टकचेरी आडवी येते. बँक अजून चालू असेल तर उघड बोलणं धोक्याचं, कारण एक वाक्य चुकलं की दुसऱ्या दिवशी रांगा, नॉर्दर्न रॉकला तेच झालं. म्हणून देखरेख करणारा अधिकारी जाहीरपणे गप्प राहतो यावर मी लगेच बोट ठेवत नाही, त्याच्या हातात खरंच दुधारी हत्यार असतं. पण जाहीर गप्प राहणं वेगळं आणि बंद खोलीत बँकेला कडक पत्र न लिहिणं वेगळं. पहिल्याला मी समजून घेतो, दुसऱ्याला नाही.

प्रश्न विचारणाऱ्याचं पण सांगितलं पाहिजे. वाईट प्रश्न म्हणजे ज्यात उत्तर देणाऱ्याला मत मांडायला जागा मिळते, "तुम्हाला जबाबदारी वाटत नाही का", "हे अपयश नाही का". टीव्हीवर छान दिसतं, पण समोरचा मुरलेला माणूस दहा मिनिटं जागतिक परिस्थितीवर बोलतो आणि वेळ संपते. चांगला प्रश्न रुक्ष असतो. अमुक तारखेचा तपासणी अहवाल कोणाच्या टेबलावर किती दिवस होता, त्यावर सही कोणाची, बँकेला उत्तर द्यायला मुदत किती दिली, मुदतीत उत्तर आलं का, नाही आलं तेव्हा स्मरणपत्र की कारवाई, आणि आलेलं उत्तर खरं आहे का हे प्रत्यक्ष जाऊन कोणी बघितलं. या प्रश्नांना "वाटलं नव्हतं" हे उत्तर बसतच नाही, एक तर तारीख सांगावी लागते नाहीतर कागद नाही म्हणून कबूल करावं लागतं.

आपल्याकडं पण हेच बघा. १९९२ चा रोखे घोटाळा, हर्षद मेहता म्हणून सगळ्यांना माहिती आहे, पण मुळात तो बँकांच्या देखरेखीचा घोटाळा होता. हातात रोखे नसताना बँका एकमेकींना बँक रिसीट, म्हणजे रोखे नंतर देतो अशी चिठ्ठी, देत होत्या, त्यात आपल्या महाराष्ट्रातली बँक ऑफ कराड पण होती आणि ती त्यातच संपली. राम निवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती (जेपीसी) बसली, १९९३ च्या डिसेंबरात अहवाल आला. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की रिझर्व्ह बँकेने जुलै १९९१ मध्येच परिपत्रक काढून बँकांना या व्यवहारांबद्दल बजावलं होतं. म्हणजे धोका दिसलेला होता, लिहिलेला होता. बजावल्यानंतर बँका ऐकायल्या की नाही हे बघायला मात्र कोणी वेळेत गेलं नाही. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचं, नीरव मोदीचं, प्रकरण निघालं तेव्हा रिझर्व्ह बँकेने सांगितलं की ऑगस्ट २०१६ पासून निदान तीनदा आम्ही बँकांना स्विफ्ट, म्हणजे परदेशी बँकांना पैशाचे संदेश पाठवायच्या, यंत्रणेच्या गैरवापराबद्दल सावध केलं होतं. मधे पंचवीस-सव्वीस वर्षं गेली आणि आजार तोच, सूचना गेली, पूर्तता तपासली नाही. तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल अर्थविषयक स्थायी समितीसमोर गेले, आणि सरकारी बँकांवर आमचे अधिकार अपुरे आहेत हा त्यांचा मुद्दा होता. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण अधिकार अपुरे आहेत हे लेखी कोणाला आणि कधी कळवलं, हा पुढचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

परीक्षेसाठी एवढं लक्षात ठेवा की सभागृहात तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो, अतारांकितला फक्त लेखी उत्तर. मंत्री "माहिती गोळा करण्यात येत आहे" म्हणाले तर ते आश्वासन ठरतं आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. खरं खोदकाम होतं ते स्थायी समितीत किंवा जेपीसीत, कारण तिथं कागद मागवता येतात. पण तपासणी अहवाल गोपनीय आहेत ही भिंत आपल्याकडं पण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात रिझर्व्ह बँकेला सांगितलं की असे अहवाल माहिती अधिकारात द्यावे लागतील, त्यानंतर बँका परत कोर्टात गेल्या.

मग उपयोग काय? जेलात गेलेले मोजायचे तर निराशाच होईल, तो हिशोब पोलीस आणि कोर्टाचा आहे. आयर्लंडमध्ये अँग्लोचा माजी प्रमुख डेव्हिड ड्रम २०१८ मध्ये तुरुंगात गेला तो फौजदारी खटल्यातून, समितीमुळे नाही. समितीचा उपयोग नियमांत दिसतो. ब्रिटनमध्ये रांगांनंतर पंधरवड्यात ठेवविमा पहिल्या ३५,००० पौंडांपर्यंत पूर्ण केला, आणि १ एप्रिल २०१३ ला एफएसए मोडीत काढून तिचं काम दोन नव्या संस्थांमध्ये वाटलं. आपल्याकडं २००१ मध्ये गुजरातची माधवपुरा सहकारी बँक बुडाली तेव्हापासून सगळे बोलायचे की सहकारी बँकेवर सहकार खात्याचा निबंधक आणि रिझर्व्ह बँक असे दोन धनी नकोत, पण कायदा बदलला २०२० मध्ये, मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा मिळाली आणि लोक रस्त्यावर आले त्यानंतर. त्याच वर्षी फेब्रुवारीत ठेवविमा एक लाखाचा पाच लाख झाला. एवढी वर्षं लागली याचं मला फार वाईट वाटतं, कारण मधल्या काळात ज्यांची रक्कम बुडाली ते बागायतदार-कारखानदार नव्हते, ते ऊस तोडून आलेले पैसे ठेवणारे, पोरीच्या लग्नासाठी एफडी केलेले लोक होते.

थोडक्यात, पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर असं की बहुतेक वेळा खाली कळलेलं असतं, वर पोचत नाही किंवा पोचून थांबतं, आणि समिती पकडते ती तारखा आणि कागदाने.

आता वडिलांच्या पैशाचं. पहिली गोष्ट, पाच लाखांचा विमा बँकेतल्या ठेवीला आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, मग पाटीवर काही का लिहिलेलं असेना. दुसरी, संस्था राज्याच्या कायद्याखालची आहे का मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी आणि केंद्राच्या कायद्याखालची, ते पावतीवरच्या नोंदणी क्रमांकावरून बघा. राज्याची असेल तर तालुक्याचा सहायक निबंधक आणि जिल्हा उपनिबंधक, मल्टिस्टेट असेल तर दिल्लीचा केंद्रीय निबंधक, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहकार लोकपाल. इथं लोक चुकीच्या ऑफिसात चकरा मारून चपला झिजवायलेत हे मी रोज बघतोय.

मोर्चाला जायचं तर जा, पण त्याआधी वरचे रुक्ष प्रश्न इथं लावा. पतसंस्था स्वतः सहसा माहिती अधिकारात येत नाही, निबंधक कार्यालय येतं. तिथं अर्ज टाकून मागच्या पाच वर्षांचे ऑडिट अहवाल आणि त्यांचे दोष दुरुस्ती अहवाल मागा. गैरव्यवहार दिसला की ऑडिटरने निबंधकाला विशेष अहवाल द्यायचा असतो, तो दिला होता का आणि कोणत्या तारखेला, ते विचारा. संस्था राज्याची असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशीचा आदेश निघाला का, कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करायचं काम सुरू झालं का, दोन्हीच्या तारखा मागा. गुन्हा दाखल असेल तर एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या राज्याच्या कायद्याखाली मालमत्ता जप्त झाली का हे आर्थिक गुन्हे शाखेकडून कळतं. हे सगळं हातात आलं की मग आमदारांकडे जा आणि त्यांना "आमचे पैसे कधी मिळणार" असा प्रश्न देऊ नका, त्याला "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" हे उत्तर ठरलेलं. त्यांना असा प्रश्न लिहून द्या की अमुक वर्षाच्या ऑडिटमधला अमुक शेरा निबंधक कार्यालयाला अमुक तारखेला मिळाला, त्यावर पुढच्या वर्षभरात कोणती कारवाई केली, आणि केली नसेल तर कोणत्या अधिकाऱ्याने का केली नाही. मल्टिस्टेट असेल तर हाच प्रश्न खासदारांकडून लोकसभेत.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आणि मूळ पावत्या कोणालाही देऊ नका, "समितीत जमा करा" म्हणणाऱ्यालाही नाही, झेरॉक्स द्या. नोंदणी क्रमांक बघून संस्था कोणत्या प्रकारातली ते इथं कळवा, त्यावर अर्जाचा मसुदा वेगवेगळा होतो, तो मी लिहून देतो.